वाटणीत आलेलं लाकूड

वलगावच्या वाटणीत आपल्याला काय मिळालं, असा विषय घरात निघाला की आई माळ्याकडे बोट दाखवायची. माळ्यावर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक लाकूड होतं. "हे लाटणं मिळालं," ती म्हणायची, आणि बाबा पेपर तोंडापुढे धरायचे.

लाटणं ते नव्हतंच. हातभर लांब, मनगटाएवढं जाड, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं आणि एका टोकाला खोल, तिरप्या आट्या कोरलेलं. एखाद्या मोठ्या स्क्रूसारखं. पाहुणे आले की त्यावर अंदाज चालत. कोणी म्हणे शेवेच्या सोऱ्याचा दांडा, कोणी म्हणे पाय चेपायचं साधन. एका मेहुण्यांनी तर पहिलवानांची वस्तू ठरवून ते खांद्यावरून फिरवून दाखवलं आणि ट्यूबलाइट फोडली.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणाच्या दारांचे नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी सरली. त्यामुळे एवढं कळत होतं की या आट्या शोभेच्या नाहीत. इतक्या कठीण लाकडात एवढी नेमकी आटी कोणी हौसेनं कोरत नाही. पण कशासाठी, ते उमगत नव्हतं. बाबांना विचारलं तर "तिकडचं आहे काहीतरी," याच्यापुढे ते कधी गेले नाहीत. ते जाऊन बरीच वर्षं झाली, नंतर आईही गेली. यंदा आमची नाशिकची इमारत पाडायला निघाली आणि माळा रिकामा करावा लागला. शेजारची मुलगी म्हणाली, "मावशी, याचा लॅम्प काय मस्त होईल!" तेव्हा ठरवलं, टाकायचं तर टाकू, पण काय टाकतोय ते कळू दे.

खरं सांगायचं तर त्यात रागही होता. थोरल्या काकांनी शेत ठेवलं, घर ठेवलं आणि धाकट्या भावाच्या हातात लाकूड दिलं, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. काका आता नाहीत. पण त्यांचा एक मुलगा अमरावतीला आहे, एक अकोल्याला. ते लाकूड त्यांच्यापुढे ठेवायचं आणि विचारायचं, हाच का आमचा हिस्सा? असा बेत करून मी डिसेंबरात निघाले. परत येऊन महिना झाला. आता लिहिते आहे.

अमरावती

बडनेऱ्याला उतरले तेव्हा हवेत चांगलाच गारवा होता. विनोद, काकांचा थोरला मुलगा, गाडी घेऊन आला होता. त्याचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे. वाटेत त्यानं गिल्ला वडा खायला घातला. ओला, मऊ वडा आणि वर अशी चटणी की नाक, डोळे, कान सगळं एकदम वाहायला लागलं. "तिखट लागून राहिलं काय ताई?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आणखी एक ताटलीत टाकला. आमच्या नाशकात "घेणार का?" असं दोनदा विचारतात, तुम्ही दोनदा नाही म्हणता आणि मग चहा येतो. इथे आधी कप हातात येतो, प्रश्न नंतर.

प्रश्नही आडवळणाचा नसतो. विनोदच्या घरी काकू गॅलरीत उन्हात बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातलं वय, पाठीचं धनुष्य झालेलं, नजर मात्र शाबूत. मी वाकून नमस्कार केला.

"काहून आली वं नंदे?"

इतक्या वर्षांनी भेटलेल्या पुतणीला पहिला प्रश्न हा. मी पिशवीतून लाकूड काढून त्यांच्यापुढे धरलं. "हे काय आहे ते विचारायला."

तूर सोलता सोलता त्यांचा हात थांबला. त्यांनी लाकडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"लाकूड हाय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

विनोदला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. हौसेनं तो मला जुन्या बाजारात एका खरादीकाम करणाऱ्याकडे घेऊन गेला. त्या गृहस्थांनी लाकूड हातात फिरवलं, नखानं खरवडलं, नाकाला लावलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "उसाचा चरक. लहान हाय, लेकरायसाठी केला असन." लेकरांसाठी कोणी चरक करतं का, असं मी म्हटलं, तर ते म्हणाले, "पयले लोक लेकरायचे लाड करत."

मात्र त्यांच्या एका वाक्यानं मी चमकले. आटीत बोट घालून ते म्हणाले होते, "ह्याच्यात दुसरं काईतरी अटकते." ते खरं होतं. अशा आटीला तशीच दुसरी आटी लागते. हे एकटं लाकूड म्हणजे अर्धीच गोष्ट होती.

घरी परतलो. दारात चपला काढताना मी खाली पाहिलं आणि तिथेच थांबले. ज्याच्यावर घरातल्या सगळ्यांच्या चपला-बूट ठेवले होते, तो एक जाड पाट होता. त्यात दोन खुंट उभे ठोकलेले, दोन्ही खुंटांत उभ्या खाचा, आणि मध्ये विनोदनं प्लायवूडची फळी खिळ्यांनी बसवून त्याचा स्टँड केलेला. मी पिशवीतलं लाकूड काढून त्या खाचांत घातलं. कुरकूर न करता ते बसलं. आट्यांचं टोक खुंटाच्या बरोबर बाहेर राहिलं आणि खाचेत वर तेवढीच जागा मोकळी उरली.

"अरे, हे तर याचंच आहे," मी ओरडले. "विनोद, अजून एक असणार. असंच."

"तसलं एक संजूकडं पाह्यलं मी," तो म्हणाला. संजू म्हणजे संजय, अकोल्याचा धाकटा. "आमचं वेगळं झालं तवा त्याच्या सामानात गेलं."

गॅलरीतून काकूंचा आवाज आला, "ठेव वं नंदे थे जाग्यावर. चपला कुठं ठेवतीन लोकं?"

वलगाव

दुसऱ्या दिवशी विनोदबरोबर वलगावला गेले. आमचं घर होतं तिथे आता शटरची दुकानं आहेत. एकात मोबाइलची कव्हरं लटकत होती, दुसऱ्यात बियाण्यांची पाकिटं. ज्या घरासाठी आमच्या घरात दोन पिढ्यांनी जेवताना दात-ओठ खाल्ले, ते काकांनीही केव्हाच विकून टाकलं होतं. हे मला तिथे उभी राहिल्यावर कळलं. आईला कळलं असतं तर काय झालं असतं? बहुधा तिला दुःखच झालं असतं. रागाचं एक ठिकाण गेलं असतं.

दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे शेतकरी बसले होते. विनोदनं माझी ओळख करून देताना बाबांचं नाव सांगितलं. त्यांना ते आठवेना. मग त्यांचे डोळे एकदम उघडले.

"म्हंजे कौशाबाईची भाची काय तू?"

कौशाबाई म्हणजे माझी कौशाआत्या. नवऱ्यानं टाकलेली म्हणून माहेरी परत आलेली, बाबांची आणि काकांची एकुलती बहीण. वाटणी झाली तेव्हा तिचीही वाटणी झाली, सहा महिने वलगाव, सहा महिने नाशिक. दसऱ्यानंतर ती आमच्याकडे यायची आणि अक्षय्यतृतीयेच्या सुमारास बाबा तिला गाडीत बसवून द्यायचे. माझ्या खोलीत तिची वळकटी असायची. फार कमी बोलायची. मांडीवर कापूस घेऊन नखांनी एक एक सरकी सोलून काढायची आणि वाती वळायची. आमचे देव एवढ्या वाती जाळणार तरी किती! डबे भरून वाती उरायच्या. बोटांची टोकं सोलवटलेली असायची. "आत्याला तेवढाच चाळा," असं आई म्हणायची.

"कुठं गेली मंग कौशाबाई?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"वारल्या. आमच्याकडेच, नाशिकला."

"इथं असती त सारं गाव आलं असतं," ते म्हणाले. "तिच्या हातची सरकी उगवे. आमी पेरणी तिच्या हातून करो."

हातगुण म्हणत असतील, असं मला वाटलं. लाकूड मी अमरावतीलाच ठेवून आले होते. नाही तर तिथेच सगळं कळलं असतं. आणि मी तिथूनच परत फिरले असते, हेही खरं.

अकोल्याच्या वाटेवर

मी अकोल्याला निघते म्हटल्यावर विनोद आणि त्याची बायको माधुरी आत जाऊन काही बोलले. बाहेर येऊन विनोद म्हणाला, "ताई, तुम्ही चाललाच आहात तर आईले घेऊन जाता काय? तिची संजूकडं जायची पाळी आलीच आहे. मले दुकान सोडता येत नाही."

मी काकूंना विचारायला वळले, तर त्या चप्पल घालून दारात उभ्या होत्या. पिशवी भरलेली होती. कधी भरली कोणास ठाऊक.

चपलांचा स्टँडही मी मागून घेतला. प्लायवूड उपटताना विनोदनं थोडी कुरकूर केली. "पाहून झालं की परत पाठवजा ताई. आमच्या हिश्शाची वस्तू हाय." एक खिळा तसाच राहिला होता, त्यात अडकून माझी शाल टरकली.

भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर मी, काकू आणि मध्ये तो पाट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं, तुरीचे पिवळे पट्टे आणि वेचणी होऊन उरलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या. पुढे कापसाचा ट्रक चालला होता, दोन्ही बाजूंनी फुगून रस्ता अडवणारा. बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लागून राहिले होते. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो तेव्हा काकू कुंपणापाशी गेल्या आणि असे पुंजके वेचून पदरात बांधायला लागल्या.

"वातीले होते," त्या म्हणाल्या.

चहा पिताना मी त्यांना विचारलं, "दोन्हीकडे करमतं का तुम्हाला?"

"करमाचं काय वं त्याच्यात? दिवाई इकडं झाली की पोया तिकडं. इकडच्या डॉक्टरची गोळी तिकडं चालत नाई. तिकडची शेजारीन इकडं नाई." त्यांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. "एका घरी बोलनं सुरू कराव त दुसऱ्या घरी जाची येळ येते. म्हनून मी बोलनंच सोडलं."

अकोला, जठारपेठ

संजयचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद होती. काकू दर जिन्याला थांबत वर आल्या. दार संजयनं उघडलं. माझ्याकडे बघून हसला. मागे आई दिसल्यावर त्याचं हसू गेलं.

"हिले काहून आनलं? आठ दिवस बाकी हायेत अजून."

हे त्यानं दारातच, तिच्यासमोर म्हटलं. मग लगेच विनोदला फोन लावला आणि स्पीकर बंद करायचं भान त्याला राहिलं नाही. अमावस्येनंतर ठरलं होतं. नाही, अमावस्येच्या आधी ठरलं होतं. गेल्या खेपेला तू दहा दिवस उशिरा नेली. अरे, पण मधे माझ्याकडे लग्न होतं. काकू दिवाणावर पिशवी मांडीवर घेऊन बसून होत्या. जिना चढून त्यांना लागलेली धाप अजून थांबली नव्हती. संजयची बायको रेखा पाण्याचा तांब्या घेऊन आली, ती मध्येच उभी राहिली. पाणी कोणाला द्यायचं तेच जणू तिला ठरवता येईना. मी तिच्या हातून तांब्या घेतला.

हे थांबावं म्हणून मी पाट जमिनीवर ठेवला, माझं लाकूड त्यात बसवलं आणि मोठ्यानं म्हटलं, "संजय, तुझ्याकडचं दे."

त्याच्याकडचं लाकूड गॅलरीच्या सरकत्या दाराला आतून अडसर म्हणून लावलेलं होतं. ते त्यानं आणलं. तशीच आटी, फक्त उलट्या अंगाला वळलेली, आणि दुसऱ्या टोकाला मूठ बसवायचं चौकोनी भोक. मी ते वरच्या खाचेत बसवायला गेले, पण ते काही जागेवर बसेना.

"तसं नाई," काकू म्हणाल्या. पिशवी बाजूला ठेवून त्या खाली बसल्या, एक गुडघा दुमडून, जणू रोज बसत असाव्यात. "मुठीची लाट खाली. तुही वर. आन पाचर मारा लागते."

मूठ नव्हती. संजयनं स्कूटरचा पाना आणून त्या भोकात कोंबला. पाचरीसाठी रेखानं कपड्यांचे लाकडी चिमटे मोडून दिले. काकूंनी दोन्ही आट्या एकमेकींत नेमक्या अडकवल्या, चिमट्याचे तुकडे वरवंट्यानं ठोकले आणि पाना फिरवला. दोन्ही लाटा एकमेकींवर उलट्या फिरायला लागल्या. कुईं कुईं असा बारीक आवाज आला. मग त्यांनी पदराची गाठ सोडली, रस्त्यावर वेचलेला कापूस बोटांनी फुलवला आणि लाटांच्या फटीला लावला.

कापूस आत गेला. पलीकडून पांढरा, पातळ, चपटा पापुद्रा बाहेर आला. अलीकडे काकूंच्या मांडीवर टप टप सरक्या पडल्या, अख्ख्या.

संजय लहान मुलासारखा हसला. रेखा म्हणाली, "आई, अजून करा ना!" संजयनं मोबाइल काढला. काकू फिरवत होत्या, मी कापूस लावत होते. त्या पाच-दहा मिनिटांत घरात कोणी कोणाचं काही देणं लागत नव्हतं असं मला वाटलं.

"रेचा हाय हा," काकू म्हणाल्या. "कौशाबाईचा."

"आत्याचा?" मी विचारलं.

"जिनातल्या मशिनीत सरकी फुटते. ह्याच्यातली साबूत राह्यते. मंग पेरनीले सारं गाव हिच्याकडं ये. मिरगाच्या आंधी आपल्या दारात गाठोड्यायची रांग लागे. मोबदल्यात थोडा कापूस ठेवून घे, त्याच्यात तिचं लुगडं, तिचं तेलपानी. तिनं कोनापुढं हात नाई पसरला कधी."

"मग हा मोडला कोणी?"

"मोडला नाई. वाटला."

संजयनं मोबाइल खाली घेतला.

"तुहा बाप नोकरीवर नाशकाले गेला, वाटनी मांगली," काकू माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "कौशाबाईचे सा महिने इकडं, सा महिने तिकडं ठरलं. तुहा बाप म्हने, रेचाबी तिच्यासंगं आला पायजे. तुहे काका म्हने, नाशकात कोन पेरून राह्यलं? इथंच राहीन. तुहा बाप म्हने, मंग अर्धा. आन वरची लाट काढून पेटीत घातली. तुह्या काकाले आला राग. त्यायनं खालची काढून माळ्यावर फेकली. म्हने, थो आनून देईन तवा मीबी देईन. थोबी तिकडं असंच म्हनत असन. कोनंच नाई देल्ली."

"आणि आत्या?"

"थे काय म्हनते? दारात उभी होती. दोघं गेल्यावर बसली, आन उघडा पाट पुसून ठेवला."

बाबा लाडूसुद्धा सुरीनं कापून मला आणि भावाला अर्धा अर्धा द्यायचे. अर्धं म्हणजे अर्धं, त्यात कसर नाही. त्या न्यायीपणाचा आम्हाला केवढा अभिमान होता! आणि आमच्या माळ्याखाली आत्या नखांनी सरक्या सोलत बसायची. पाहुण्यांसमोर आई बोट वर करून "हे लाटणं मिळालं" म्हणायची, तेव्हाही आत्या तिथेच असायची. वर काय आहे ते तिला ठाऊक होतं. बाबांनाही ठाऊक होतं. पाहुणे अंदाज करायचे, हसायचे, आणि त्या खोलीत दोन माणसं खरं उत्तर गिळून बसलेली असायची. एकदा तरी तिनं मान वर करून पाहिलं असेल का? मला आठवत नाही. मला तिची फक्त बोटं आठवतात.

"काकू, तुम्ही कधी बोलला नाहीत?" माझा आवाज चढला होता. "इतकी वर्षं हे चपलांखाली होतं. तुम्ही रोज पाहत होता."

"मी नवी नवरी होती. मले कोन इचारते?" त्यांनी मांडीवरच्या सरक्या गोळा केल्या. "आन इचारलं असतं, त म्या काय म्हनलं असतं, सांगू? आपल्याकडंच ठेवा म्हनलं असतं. खोटं कायले बोलू? मंग पोरायनं वाटून घेतलं, तवा म्हनलं, जाऊ द्या. आता सरकी पाकिटात येते."

रेखा स्वयंपाकाला उठली. जेवायला भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा होता. या प्रवासात मी एकदाच ताटात टाकलं, ते तेव्हा.

संजयनं तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. रात्रीपर्यंत फुलं, हात जोडलेले, "आपला वारसा", "जुनं ते सोनं". आत्याचं नाव व्हिडिओत स्पष्ट ऐकू येत होतं. ती कोण, असं एकानंही विचारलं नाही. तिला पाहिलेली माणसंही त्या ग्रुपवर होती.

मी दोन दिवस राहिले. काकू सकाळी उन्हात बसून उरलेला कापूस काढत. मी फिरवायला बसे. आत्याबद्दल त्या थोडं थोडं सांगत होत्या. ती गाणं म्हणायची, असं त्या म्हणाल्या. मी तिचं गाणं कधी ऐकलेलं नाही.

रविवारी बेल वाजली. दारात विनोद होता. आईला सोडायला ज्याला दुकान सोडता येत नव्हतं, तो पाट न्यायला गाडी घेऊन आला होता.

"माधुरी कटकट करून राहिली, चपला दारात पसरल्या म्हणून," तो आधी म्हणाला. मग खरं बोलला. "आणि व्हिडिओ पाहून सारे म्हणतात रेचा संजूचा. तो कसा काय संजूचा? पाट माझ्या हिश्शातला हाय."

"घेऊन जाय तुहा पाट," संजय म्हणाला. "माही लाट मी देत नाई."

मी मध्ये पडले. रडकुंडीला येऊन दोघांना म्हटलं की अरे, बाबांनी आणि काकांनी आत्याच्या रेच्याचं हेच केलं होतं, अगदी हेच. माझी लाट मी तुम्हाला देते, तो एके ठिकाणी राहू द्या, कोणाच्याही घरी. विनोदनं मान डोलावली आणि म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर हाय. मग माझ्याकडं राहू द्या." संजयनंही मान डोलावली. "इथं जोडला, इथंच राहीन."

काकू उठल्या. वरवंट्यानं त्यांनी चिमट्याच्या पाचरी उलट्या ठोकून सैल केल्या, दोन्ही लाटा ओढून काढल्या. एक संजयपुढे ठेवली, एक माझ्यापुढे. पाट पदरानं पुसून विनोदच्या हातात दिला. कोणी त्यांना थांबवलं नाही. मीसुद्धा नाही.

विनोद चहा पिऊन गेला. आईला "येतो" म्हणाला आणि पाट सांभाळत जिना उतरला.

माझी गाडी संध्याकाळची होती. निघताना मी माझी लाट काकूंच्या उशाशी ठेवली. "हिले घिऊन जाय," त्या म्हणाल्या. "अर्धं ठेवून मी काय करू?" मी ती पिशवीत घातली. मग त्यांच्या जवळ बसले आणि दोन दिवस मनात होतं ते बोलून टाकलं.

"काकू, माझ्याबरोबर नाशिकला चला. मी एकटीच असते. वर्षातले चार महिने माझ्याकडे राहा."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. चिडल्या नव्हत्या. खरंच समजून घ्यायचं होतं त्यांना.

"म्हंजे आता तीन हिस्से कराचे काय वं माहे?"

खालून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"जाय," काकू म्हणाल्या. "जिना उतराले येळ लागते."